पहिला टेकू
रहिमतपूरजवळच्या नव्या शाळेच्या स्लॅबखाली अजून टेकू उभे होते, आणि संध्याकाळी उद्घाटनाला मंत्री येणार होते. संस्थेच्या अध्यक्षांनी कंत्राटदार बनुबाईला दारातच गाठलं. “टेकू काढ. आत खुर्च्या मांडायच्यात.” “काँक्रीट अजून कच्चं हाय, आबा.” “तुझा विमा हाय न्हवं? पडलंच तर कंपनी भरंल की!” “विमा माझ्या चुकीचा हाय. जाणूनबुजून माणसं मारायचा न्हाई.” “पुढचं काम मिळायचं न्हाई तुला.” बनुबाई गवंड्याकडं वळली. “अर्जुना, घण घे. आवं आबा, तुमी आत या. पहिला टेकू निघताना जोखीम घेणारा स्लॅबखाली उभा ऱ्हातो, ही आमची रीत हाय. एरवी मी असते. आजचा हुकूम तुमचा.” अध्यक्षांचा पाय उंबऱ्याबाहेरच राहिला. बनुबाईनं दाराला कुलूप घालून किल्ली कनवटीला खोचली. “फीत दाराबाहेरच बांधा,” ती म्हणाली, “मंत्र्यांस्नी मी सांगते.”