कॅमेरा कुठंय?

"बायको लिफ्टमध्ये अडकलीय, लगेच या," असा एका गृहस्थांचा फोन आला. लिफ्ट दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे हातातला चहा तसाच टाकून धावलो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेली. वरच्या मजल्याचं दार उघडून मी पालथा पडलो आणि फटीतून टॉर्चसकट डोकं आत घातलं.

बाई किंचाळली नाही. केस नीट करत म्हणाली, "कॅमेरा कुठंय?"

"कसला कॅमेरा? ताई, हात द्या."

"परवा कपाटातून भूत निघालं, काल फ्रिजमागून. आज तुम्हाला लटकवलंय होय? आधी कॅमेरा दाखवा."

"अहो, आईशप्पथ, कॅमेरा-बिमेरा काही नाही!"

उलटं लटकून डोकं आधीच जड झालं होतं, आता तापलंही. शेवटी हातापाया पडून तिला कसंबसं वर ओढलं. उभी राहताच तिने माझ्या पाठीमागे बोट दाखवलं.

तिथे नवरा मोबाईल रोखून उभा. "अगं, तू किंचाळलीच नाहीस! परत एकदा आत उतरतेस का?"

ती माझ्याकडे वळली. "दादा, दुरुस्तीची घाई करू नका. आधी यांना आत सोडा. मोबाईल मी धरते."