दोन्हीवर चालणारं इंजिन

इंजिन मारुतीच्या देवळापर्यंत तारेवर पळालं आणि तिथं गपकन थांबलं. पुंजाजीनं त्याच्या बुडाखालची कळ दाबली. पोटातल्या दोन सेलवर इंजिन पुन्हा घरघरत निघालं.

"दोन्हीवर चालतं साहेब. तार हाय तवर विजेवर, पुढं डिझेलवर. डिझेल म्हणून हे सेल समजा."

विजेचे साहेब खूश झाले. शाळेच्या टेबलावर अख्खं गाव मांडलेलं होतं. पत्र्याचे रूळ, काड्यांचे खांब, काडेपेट्यांची घरं. पुंजाजी पंप दुरुस्त करणारा माणूस. वीज गेली की डिझेल इंजिन, डिझेल संपलं की मोटार, यातच त्याचे हात काळे झालेले.

बाहेर भिंतीवर पाटी रुमालानं झाकून ठेवली होती. 'शंभर टक्के वीज पोचलेलं गाव. सन १९७६.' एकदा का ती उघडली, की अर्ज करायला तोंडच राहणार नव्हतं. त्याआधी साहेबांनी एक सवाल विचारावा, एवढ्यासाठी पुंजाजीनं महिनाभर डोळे फोडले होते.

साहेबांनी तो विचारला.

"पण तार इथंच का संपली?"

पुंजाजीनं शेवटची काडेपेटी दाखवली. "खरे खांब बी तिथंच संपलेत साहेब. पुढं आमचा बौद्धवाडा. हे शेवटचं घर माझं."

सरपंच अमृतराव खाकरले. "काहून तोंड चालवून राहिला रे पुंज्या? खेळणं दाखव. गाऱ्हाणं नको."

"गाऱ्हाणं कुठं, सरपंच? गाव बराबर मांडलंय. तुमचा गोठा बी हाय. त्यात दिवा बी हाय."

गोठ्यात खरंच बारकासा दिवा जळत होता. दारातल्या बाया फिदीफिदी हसल्या.

साहेब मात्र हसले नाहीत. पाटीवर शंभर टक्के अन् वाडा अंधारात? "हे चालायचं नाही. लाईनमनला बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

पुंजाजीनं दाराकडं बघितलं. त्याची बायको चतुराबाई हसायची थांबली होती.

लाईनमन वसराम धावत आला. खांद्यावर तारेचं वेटोळं, हातात पक्कड. साहेबांनी टेबलावर बोट ठेवलं.

"देवळापासून या शेवटच्या घरापर्यंत तार ओढा."

वसरामनं साहेबांकडं पाहिलं, मग पुंजाजीकडं. मग खाली मान घातली. नोकरी होती. चार काड्या रोवून त्यानं हातभर तार ओढली आणि पक्कडीनं पीळ दिला. साहेबांनी स्वतः कळ बंद करून इंजिन मागं ठेवलं.

"हं, सोडा."

इंजिन देवळावरून सुसाट बौद्धवाड्यात शिरलं आणि पुंजाजीच्या काडेपेटीवर जाऊन आदळलं.

टाळ्या पडल्या. साहेब समाधानानं हात झटकत बाहेर गेले. त्यांनी रुमाल ओढला, फोटो निघाला. अमृतरावांनी नारळ फोडला.

पुंजाजी टेबलापाशीच उभा. चतुराबाई आत आली. आडवी पडलेली काडेपेटी तिनं नीट उभी केली, वाकून तिच्यात डोकावली.

"घरात वीज तर आली," ती म्हणाली. "आता येवढं बारीक कसं व्हायचं, ते तेवढं साहेबाला इचारून या."