भाऊबीजेची साडी

शिवाजीनगर कोर्टासमोरच्या वकिलाच्या ऑफिसात सर्जेरावानं बहिणीचा अंगठा स्वतःच शाईच्या पॅडवर दाबला. वाघोलीची बापाची जमीन बिल्डरला द्यायची होती, बायडाबाईचं हक्कसोडपत्र तेवढं राहिलं होतं. "हिस्सा खुशीनं सोडताय ना?" वकिलानं तिला विचारलं. "खुशीनंच की!" सर्जेराव म्हणाला. "तुम्हाला नाही विचारलं." बायडाबाईनं मान वर केली. "सायेब, अंगठा न्हाय दिला तर?" "हिस्सा तुमचाच राहील." "आन् माहेर?" "ते कायद्यात येत नाही, बाई." सर्जेरावानं घाईघाईनं भाऊबीजेची साडी तिच्या मांडीवर ठेवली. "आक्का, दर दिवाळीला आणीन. उरक आता." साडीच्या पिशवीवर त्याच बिल्डरच्या इमारतीचं चित्र होतं. भावानं ओवाळणीसुद्धा गिऱ्हाइकाकडूनच उचलली होती. बायडाबाईनं साडीची घडी मोडली, जरीचा पदर ओढला आणि अंगठ्याची शाई त्याला पुसली. "घे," ती म्हणाली, "ज्याची हाय त्याला नेऊन दे."