निळ्या पट्टीचं घर

"बोळ किती रुंद आहे?" ड्वेननं गुडघे टेकत विचारलं.

"मी कडेवर हँकला घेतलं की त्याचे बूट भिंतीला घासतात, एवढा," मार्ली म्हणाली.

म्हाताऱ्या ड्वेननं आपल्या बंदुकीच्या दुकानात फरशीवर निळी चिकटपट्टी ओढली. घरासाठी बंदूक घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला तो आधी तिथं त्याचं घर काढायला लावायचा. अख्ख्या पेकॉस गावाला हे ठाऊक होतं, आणि सगळे कुरकुर करत पट्टीचं दुसरं टोक धरायचे.

मार्लीचं घर काढायला वेळ लागला नाही. ट्रेलर तो, चाकांवरचं तयार घर, सरळ लांबुळकं. एका टोकाला नवराबायकोची खोली, मग न्हाणीघराच्या कडेनं तो बोळ, मग बैठक आणि तिथंच बाहेरचं दार, आणि पार दुसऱ्या टोकाला त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाची, हँकची खोली. दाराच्या जागी ड्वेननं पट्टी तोडून फट ठेवली.

त्या फटीकडे मार्लीला बघवेना. गेल्या गुरुवारी नवरा, क्लेटन, तेलविहिरीवर कामाला असताना त्याच दाराची मूठ बाहेरून कुणीतरी फिरवली होती. एकदा, आणि मग थांबून, हळूच, पुन्हा एकदा. उद्या पहाटे क्लेटन परत विहिरीवर जाणार होता. पंधरा दिवस.

"हे सगळं कशाला, मिस्टर ड्वेन?" काउंटरला टेकून उभा असलेला क्लेटन म्हणाला. "मला काय हवंय ते मी ठरवूनच आलोय."

"तुझ्यासाठी नाही काढत, लेका. तू तर घरी नसतोसच." ड्वेननं कोपऱ्यातून दोन लाकडी दांडे आणले, लाल रंगवलेले, एक लांब, एक आखूड. रिकामी बंदूकही तो दुकानात कुणाला रोखू द्यायचा नाही. सगळी तालीम दांड्यांवर. लांब दांडा त्यानं मार्लीच्या हातात दिला. "खाटेवरून उठ आणि बैठकीत ये, पोरी."

मार्ली बोळात वळली आणि दांड्याचं टोक पट्टीबाहेर गेलं.

"न्हाणीघराची भिंत फोडलीस," ड्वेन म्हणाला. "आता हा घे."

आखूड दांडा कुठंच अडला नाही.

"बघा, मी काय म्हणत होतो," क्लेटन म्हणाला. "आखूड नळीचीच. माझ्या नावावर लिहा."

"तुझ्या नावावर लिहिली तर तू विहिरीवर असताना ती हिच्या ताब्यात ठेवता येत नाही. आखूड नळीला सरकारचा नियम वेगळा आहे. जिचं नाव, तिची बंदूक."

क्लेटननं टोपी काढून पुन्हा घातली. "मग हिच्या नावावर लिहा."

"मग तीच ठरवेल." ड्वेननं दोन काडतुसं काउंटरवर उभी केली. एक टोकदार, बारीक. दुसरं बसक्या अंगाचं, जाड. "ही बारीक, पाच-छप्पन मापाची. ही जाड, तीनशेची."

"तीनशे घे," क्लेटन लगेच म्हणाला. "एवढ्याशा नळीत बारकीचा दम निम्मा जातो, आणि आवाजानं तुझे कान बसतात. तीनशे आखूड नळीसाठीच केलीय. समोरचा उठत नाही."

"तू कधी कुणाला पाडलंस रे?" मार्लीनं विचारलं.

"रानडुकरं पाडलीत."

"डुकरं आपल्या बैठकीत नव्हती."

ड्वेन खोकल्यासारखं हसला. मार्लीनं जाड काडतूस उचललं, खाली ठेवलं, बारीक उचललं. "समोरच्याला लागली नाही तर यातली कुठली गोळी भिंतीत अडते?"

"तुमच्या भिंतीत?" ड्वेननं मान हलवली. "ट्रेलरच्या भिंती पुठ्ठ्याच्या, पोरी. एकही अडत नाही. बारीक त्यातल्या त्यात लवकर फुटते. तीनशे चालत राहते."

मार्लीनं फरशीकडे पाहिलं. हँक मक्याच्या चिप्सची पिशवी घेऊन चिकटपट्ट्या तुडवत फिरत होता. भिंती ओलांडत तो शेवटच्या चौकोनात गेला आणि तिथं बसून चिप्स खाऊ लागला. ती त्याची खोली होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ती आपल्या खाटेच्या जागी जाऊन उभी राहिली आणि बोळातून बघू लागली. बोळाच्या तोंडाशी बैठक. बैठकीत दार. दारातून आत शिरणाऱ्याच्या पलीकडे, त्याच रेषेत, हँक.

"कुठलीही घेतली तरी ती हँकपर्यंत जाणार," ती म्हणाली.

"तू उगाच घाबरतेस," क्लेटन म्हणाला. "नेम धर म्हणजे झालं."

आखूड दांडा उचलून ती बोळ ओलांडून, बैठक ओलांडून हँकच्या चौकोनात गेली आणि त्याला पाठीमागे ठेवून उलटी वळली. आता समोर बैठक होती, बोळ होता, आणि टोकाला रिकामी खोली. पायाशी हँक चिप्स कुरकुरवत होता.

"बारीक द्या," ती म्हणाली. "आणि आजपासून मी इथं झोपणार, जमिनीवर."

"सरकारची मंजुरी येईपर्यंत ती दुकानातच राहील," ड्वेन म्हणाला.

"राहू दे. झोपायला मंजुरी लागत नाही."

"आणि मी आलो की?" क्लेटन हसत म्हणाला. तो बैठकीत शिरायला निघाला होता आणि पट्टी तुडवायला नको म्हणून नेमका दाराच्या फटीत उभा होता. "मी तिकडं एकटा झोपू?"

कामाची पाळी लवकर सुटली की क्लेटन न सांगता यायचा. मध्यरात्री, दबक्या पावलांनी, हँक उठू नये म्हणून दार हळूच उघडत. तिला ते आवडायचं.

मार्लीनं दांडा खांद्याला लावला. टोक फटीवर आलं आणि तिथंच थांबलं.

"क्लेटन," ती म्हणाली, "यापुढं घरी यायच्या आधी फोन करत जा."

क्लेटनचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यानं एक पाय उचलला आणि दारातून बाजूला झाला.