सभासद झाल्याशिवाय

दीक्षानं आईवर लिहिलेला लेख इंटरनेटवरच्या एका मासिकात आला, म्हणून जनकाबाई मजुरी बुडवून लेकीसोबत साखऱ्याहून सेनगावच्या नेट कॅफेत आली होती. पण लेख उघडायचा तर आधी सभासद व्हा म्हणे. दीक्षानं फॉर्म भरला, तो पुसला गेला. पुन्हा भरला, तर पासवर्ड चालेना. तो एकदाचा चालला, तर बँकेचं कार्ड मागितलं. ते कुणाकडं होतं?

“काहून गं, वाच ना,” खुर्चीच्या कडेवर बसलेली जनकाबाई म्हणाली. “कवाधरनं जीव टांगून राहिला माहा.”

स्वतःचाच लेख आणि स्वतःलाच दार बंद! दीक्षानं चिडून माऊस सोडला आणि पडद्याकडं बघत, पाठ असलेला लेख वाचल्यासारखा म्हणायला लागली. ओढ्याच्या पुरातून आईनं दप्तरासकट खांद्यावर बसवून शाळेत नेलं, ते आलं तेव्हा तिची नजर खाली गेली. पण ती थांबली नाही. जनकाबाईनं डोळ्याला पदर लावला.

परतीच्या जीपमध्ये ती लेकीच्या कानाशी हळूच म्हणाली,

“पडदा तर मधीच काळा झाला व्हता, माय. तुहं वाचणं मातर थांबलं न्हाई.”