आईचे आधार

मुलांनो, असं समजा, बहात्तरच्या दुष्काळातलं दोंडाईच्याजवळचं एक खेडं आहे. खेड्यातल्या माणसांच्या मनाचं बळ मोजायला शहरातून एक सर आले होते.

“अडचणीत तुम्हाला आधार कोणाचा?” त्यांनी गोदीच्या आईला, भिकुबाईला विचारलं.

तान्ह्या भावाची झोळी हलवणाऱ्या गोदीने कान टवकारले. आपलंच नाव पहिलं येणार!

आईने तान्ह्याचं नाव घेतलं, मग शेजारच्या पानबाईचं, मग चक्क म्हशीचं. त्या म्हशीला पाणी पाजायची गोदीच! तिचा नुसता जळफळाट झाला. तिने झोळीची दोरी सोडून दिली.

“आणि ही मुलगी?” सरांनी विचारलं.

“गोदी? ती ते मना हात शे. आपला हात कोन मोजस, भाऊ?” ती तर माझा हातच आहे, आपला हात कोण मोजतं, असं आई आपल्या अहिराणीत म्हणाली.



गोदीने दोरी पुन्हा हातात घेतली.