गुलाबदाणीतलं पाणी

"आधी हात ओला करा, बाबा," प्रेमिला म्हणाली. "कोरडा हात पिल्लांना सोसत नाही."

चंद्रभानजींनी वाटीत बोटं बुडवली आणि चाचपडत काचेच्या पेटीत हात घातला. थोड्या वेळानं तर्जनीवर काहीतरी येऊन चिकटलं. नखाएवढं, गार.

"चढलं वं," ते हळूच म्हणाले.

चार महिन्यांत ते आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

उन्हाळ्यात काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. धंतोलीतल्या डॉक्टरांनी आता इलाज नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसत. दवाखान्याच्या त्या धावपळीत कूलरची टाकी उपसायची राहून गेली. पावसाळ्यात एका झाडबेडकीनं टाकीच्या काठावर फेसाचं घरटं केलं. त्यातून वाचलेली ही आठ पिल्लं. प्रेमिला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिनं पेटीत ओली माती आणि मनीप्लँटची फांदी घातली, वरून मलमल बांधली.

तिच्या टेबलावर पुण्याहून आलेलं पत्र होतं. संशोधनासाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती. ऑक्टोबर संपायच्या आत कळवायचं होतं. आई गेलेली. न दिसणाऱ्या, न बोलणाऱ्या माणसाला शेजारच्या सत्यवतीच्या भरवशावर टाकून जाणं तिच्यानं होणार नव्हतं. नकाराचं उत्तर तिनं लिहून पाकिटात घालून ठेवलं होतं.

पिल्लांचं काम बाबांकडे आलं. सकाळी आईच्या चांदीच्या गुलाबदाणीत माठातलं पाणी भरायचं आणि पेटीत शिंपडायचं. दुपारी पिकलेल्या केळ्याच्या बाटलीतली चिलटं त्यांना खायला सोडायची. बाटली, झाकण, मलमलीची गाठ, सगळं हळूहळू त्यांच्या बोटांना पाठ झालं. मग माठाची वाट पाठ झाली. एक दिवस प्रेमिला कॉलेजातून आली, तर त्यांनी स्वतः चहा मांडला होता.

संध्याकाळी खोलीला ओल्या मातीचा वास यायचा. दिव्याचा उजेड काचेतून हिरवट होऊन भिंतीवर हलायचा, आणि आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत असं वाटायचं. प्रेमिला पेटीमागच्या फळीवर सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांची लाकडी डबी आवरत असायची. अशाच एका संध्याकाळी आवाज आला. टक्. टक्-टक्.

बाबांनी मान वर केली. रेल्वेत तीस वर्षं ते तारबाबू होते, तारयंत्राच्या टकटकीतून निरोप घेणारे आणि धाडणारे.

"टकटक ऐकली की मले समजे, तिकडे इटारसीले कोण बसलं आहे," ते म्हणाले. "हरेकाचा हात वेगळा. हा नवा भरती झालेला दिसते. हात कच्चा आहे."

"शिकेल हळूहळू," प्रेमिला हसली.

मग रोज संध्याकाळी टकटक होऊ लागली. एकदा तिला परीक्षेच्या कामानं उशीर झाला.

"आज एकही बोलला नाही वं."

"माझी सवय झाली असेल त्यांना."

"असंन," बाबा म्हणाले.

सत्यवती डबा घेऊन यायची, तिचा यावर विश्वास नव्हता. "काकाजी, मी दुपारभर इथं बसते. मले तर काहीच ऐकू येत नाही."

"तुले नाही येणार. त्याले रेल्वेचा कान लागते."

"वा रे कान! मंग सकाळी मी दार ठोकून राहिली होती, ते काहून नाही ऐकलं?"

बाबा खळखळून हसले. प्रेमिला स्वयंपाकघरात होती. तिनं ते हसू हातातलं काम थांबवून ऐकलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते अचानक म्हणाले, "पुण्याले जा."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सत्यवतीनं पत्र वाचून दाखवलं. जा."

"आणि तुम्ही?"

"मी एकटा कुठं आहे? हे आठ जण आहेत. संध्याकाळी बोलतात माझ्यासंग."

प्रेमिलानं पेटीवरची मलमल पुन्हा घट्ट बांधली. "ते गप्प झाले तर?"

"नाही होणार."

तिनं नकाराचं पाकीट फाडलं आणि होकार कळवला. दिवाळी झाल्यावर, कलत्या दुपारी, दारात सायकलरिक्षा येऊन उभी राहिली. सत्यवतीनं ट्रंक चढवली. बाबा गुलाबदाणी हातात घेऊन खिडकीशी आले.

"माठातलंच पाणी घ्या, नळाचं नको."

"माहीत आहे वं. आता तू मले शिकवून राहिली काय? गाडी चुकंल."

सत्यवती आपल्या घरात गेली. रिक्षा हलली. फाटकापर्यंतही पोचली नव्हती, तोच मागे खिडकीतून आवाज आला. टक्. टक्-टक्. टक्.

प्रेमिलानं रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. झाडबेडकाची पिल्लं वर्षाची होईपर्यंत ओरडत नाहीत, हे ती दरवर्षी वर्गात शिकवायची.

टकटक चालूच होती. एकसारखी, सराईत हाताची.

तिनं पर्स उघडली. दोन महिने रोज संध्याकाळी जिच्यावर ती नखानं टकटक करत आली होती, ती लाकडी डबी आतच होती.